डोक्याच्या डॉक्टरकडे जायच्या आधी पीएचसीत: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की मनाच्या आजारावर सरकारी दवाखान्यात, म्हणजे पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) वगैरे ठिकाणी, काय मिळतं आणि काय नाही, याबद्दल मनात असेल ते विचारा. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, यवतमाळ, अमरावती, वाशीम, बुलडाणा, वर्धा सगळीकडून, आणि बायांचे प्रश्न जास्त, तेही स्वतःसाठी कमी आणि नवऱ्यासाठी, भावासाठी, पोरासाठी जास्त. नावं आणि गावं छापलेली नाहीत. प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत ठेवलेत.

प्रश्न: डॉक्टरताई, माह्या मालकाले दोन महिन्यांपासून झोप नाही. कपाशी गेली, सोसायटीचं कर्ज हाय. वावरात जात नाही, गेले तर धुऱ्यावर नुसते बसून रायतात. अर्धी भाकर टाकून उठतात. पोट दुखते, डोकं जड वाटते म्हणून पीएचसीत दोन-तीनदा नेलं, तिथं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या देल्ल्या आन एकडाव सलाईन लावली. भाऊ म्हणते नागपूरले डोक्याच्या डॉक्टरले दाखवू, सासूबाई म्हणतात गावात नाव खराब होईन. आता नेऊ तरी कुठं?

उत्तर: ताई, आधी एक सांगते, तुम्ही जे लिहिलं ना, झोप नाही, भूक नाही, कामात मन नाही, एकटं बसून राहणं, आणि हे सगळं दोन महिने, याला नुसतं टेन्शन म्हणून सोडून द्यायचं नसतं. दोन आठवड्यांच्या वर असं रोज चाललं आणि माणसाचं काम बंद पडायला लागलं की डिप्रेशनची तपासणी व्हायलाच पाहिजे. आणि पोट दुखणं, डोकं जड होणं हे खोटं नाहीये, त्यांना खरंच दुखतंय, आपल्याकडं मनाचा आजार बहुतेक वेळा असाच अंगातून बोलतो. गरगरते, घाबरं होते, छातीत धडधड होते, हातपाय गळून जातात, अंगात आग होते. मन उदास आहे असं म्हणत आलेला पुरुष मी ओपीडीत फार क्वचित पाहिला.

तर नेऊ कुठं याचं उत्तर, परत त्याच पीएचसीत न्या. नागपूर नंतर. पण या वेळेस सांगताना वेगळं सांगा. आधी तुम्ही पोट दुखते म्हणालात म्हणून पोटाच्या गोळ्या मिळाल्या. आता तुम्ही स्वतः सोबत जा, सकाळच्या गर्दीत नको, साडेअकरा-बारानंतर जरा लाइन कमी झाली की, आणि डॉक्टरांना सरळ सांगा, "साहेब, दोन महिने झाले झोप नाही, जेवण नाही, वावरात जात नाहीत, बोलत नाहीत, मनाचा आजार आहे का ते तपासा." एवढं वाक्य पुरे. त्याच्यावर डॉक्टरांकडं एक ठरलेली ९ प्रश्नांची यादी असते, प्रत्येकाला मार्क असतात, ती भरायला दहा मिनिटं लागत नाहीत. सोबत हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड बघून घेतील कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडला तरी माणूस असाच गळून जातो.

आजार हलका असेल तर गोळी लागेलच असं नाही, बोलून, झोपेची वेळ लावून, थोडं थोडं कामाला लावून सुधारतो. जास्त असेल तर गोळी देतील. या गोळ्यांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, त्या तापाच्या गोळीसारख्या दुसऱ्या दिवशी काम करत नाहीत. फरक दिसायला २ ते ४ आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात उलट मळमळ, तोंड कोरडं पडणं, थोडी बेचैनी असा त्रासच आधी होतो. इथंच आपल्याकडं सगळं फसतं. आठ दिवस खाल्ल्या, फरक नाही, वरून मळमळ, फेकल्या. पुढच्या वेळी कोणी गेलंच नाही. मी म्हणते मनाच्या आजारात पहिली भेट तेवढी महत्त्वाची नसते जेवढी दुसरी आणि तिसरी असते, आणि म्हणूनच मी पीएचसी म्हणते. नागपूरला तुम्ही एकदा जाल, गाडीभाडं, दोन दिवसांची मजुरी, लॉजचा खर्च, सोयाबीन सोंगायच्या दिवसांत परत कोण जाईल? पीएचसीत मात्र पंधरा दिवसांनी परत जाता येतं, सिस्टर ओळखीची असते, आशाताई घरासमोरून जाते आणि विचारते, भाऊ गोळ्या चालू आहे ना. मोठा डॉक्टर लागला तर तो नंतर लागेल, पण गोळी चालू ठेवायचं काम गावाजवळच होतं. बरं वाटायला लागल्यावर पण बंद करायची नाही, साधारण ९ ते १२ महिने चालवून मग डॉक्टर हळूहळू कमी करतात.

आता जरा अवघड बोलते. आजच, रात्री जेवण झाल्यावर, लेकरं झोपली की त्यांना विचारा, "जगून काय फायदा, मरून जावं असं मनात येते काय?" घाबरू नका, विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट माणसाला वाटतं कोणीतरी विचारलं. हो म्हणाले तर रागावू नका, लेकरांची शपथ घालू नका, नुसतं ऐका, त्यांना एकटं सोडू नका आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखाना गाठा, रात्रीच अंगावर आलं तर १०८ ला फोन करा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा, नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतः पण लावू शकता, पेशंटनंच लावला पाहिजे असं नाही.

आणि ते हो म्हणो की नाही म्हणो, घरात फवारणीचं औषध असेल तर ते आजच घरातून हलवा. भावाच्या घरी, कुलपाच्या पेटीत, चावी तुमच्याकडं. हे मी उगाच नाही सांगत, तो विचार बऱ्याच वेळा काही वेळापुरता अनावर होतो आणि तेवढ्या वेळात औषध हाताशी नसलं तर माणूस वाचतो. गोळ्यांची स्ट्रिप पण तुमच्याजवळच ठेवा, रोजची एक काढून द्या.

कर्जाबद्दल. गोळीनं सोसायटीचं कर्ज फिटत नाही हे मला माहीत आहे, आणि कास्तकाराच्या सगळ्या दुःखाला आजार म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, भाव, पाऊस, सावकार हे खरे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं दवाखान्यात नाहीत. पण आजारी माणसाला बँकेत जाणं होत नाही, विम्याचा अर्ज भरणं होत नाही, भावाशी वाटणीचं बोलणं होत नाही. झोप आणि डोकं ठिकाणावर आलं की तोच माणूस मार्ग काढायला लागतो. म्हणून दोन्ही चालू द्या.

सासूबाईंना सांगा, पीएचसीत बीपीवाल्याच्या लाइनीतच उभं राहायचं आहे. कोण कशाची गोळी घेऊन निघाला हे कोणाला कळते?

प्रश्न: मला मेडिकलवाला झोपेची छोटी गोळी देतो, चार वर्षं झाली, आता एकीनं होत नाही, दोन लागतात. आता पीएचसीतले डॉक्टर म्हणतात ही बंद करून दुसरी डिप्रेशनची चालू करू. मला भीती वाटते तिची पण सवय लागली तर? (वाशीम जिल्हा)

उत्तर: काकू, सवय लागली ती तुम्ही आता घेताय त्या गोळीची. अल्प्राझोलाम, डायझेपाम या जातीच्या गोळ्यांनी झोप लगेच येते म्हणून आवडतात, पण काही आठवड्यांच्या वर रोज घेतल्या की शरीर मागायला लागतं आणि डोस वाढत जातो. डिप्रेशनच्या गोळ्या, म्हणजे फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम वगैरे, यांची तशी लत लागत नाही, आज एक घेतली तर पुढच्या वर्षी चार लागतील असं होत नाही. फक्त अचानक सोडल्या तर काही दिवस गरगर, चिडचिड होते म्हणून कमी करत करत सोडायच्या. आणि तुमची ती छोटी गोळी उद्यापासून एकदम बंद करू नका हं, चार वर्षांची सवय आहे, एकदम तोडली तर फिट येऊ शकते. डॉक्टर आठवड्या-आठवड्यानं पाव-पाव कमी करतील. मेडिकलवाल्याला चिठ्ठीशिवाय ही गोळी विकायची परवानगीच नाही, तिथून आणणं थांबवा.

प्रश्न: नमस्कार ताई, मी आशा आहे. घरोघरी फॉर्म भरतो त्यात बीपी-शुगरच्या प्रश्नांसोबत मनाचे पण दोन प्रश्न असतात. विचारले की लोकं म्हणतात, "काहून, मी काय येडा दिसतो का तुले?" मग आम्ही शून्य-शून्य टाकून पुढं जातो. आणि समजा कोणी हो म्हटलं तर पुढं काय करायचं ते कोणी सांगत नाही. आमच्याकडं आधीच किती कामं हायेत तुम्हाले माहीत हाय.

उत्तर: माहीत आहे, आणि तुमच्या डोक्यावर अजून एक काम टाका असं मी म्हणणार नाही. पण हे दोन प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत कामात मन लागलं नाही असं किती दिवस झालं, आणि उदास-निराश किती दिवस वाटलं, हे फॉर्म वाचल्यासारखे विचारले की कोणीही नाहीच म्हणणार. फॉर्म बाजूला ठेवून विचारा. "काकू झोप लागते का चांगली? जेवण जाते का? पहिलेसारखं पोळ्याले, सणावाराले मन लागते का?" एवढ्यात निघतं सगळं. नंतर अंगणवाडीत बसून फॉर्म भरा. आणि शक्यतो एकटीला विचारा, सासू-जाऊ उंबऱ्यात उभी असली तर सूनबाई काय सांगणार!

बाळंतिणीला तर विसरूच नका. बाळ पाहायला तुम्ही ४२ दिवसांत पाच-सहा वेळा जाताच, वजन घेता, ताप बघता, त्याच वेळी आईकडं बघा. सारखी रडते, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, मीच वाईट आई आहे म्हणते, असं असलं तर माहेरची आठवण येत असेल म्हणून सोडू नका. आणि ती भलतंच बोलायला लागली, कोणीतरी बाळाला मारायला येतंय म्हणाली, तर तो त्या दिवसाचा इमर्जन्सी पेशंट, बाळाला घरच्या दुसऱ्या बाईजवळ द्या आणि आईला लगेच मोठ्या दवाखान्यात.

पुढं काय करायचं. मार्क ठरलेल्या आकड्यावर गेले की उपकेंद्रातल्या सीएचओकडं, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडं, पाठवा, उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात आणि तिथल्या १२ प्रकारच्या सेवांमध्ये मनाचा आजार येतो, म्हणजे सीएचओनं "हे माझं काम नाही" म्हणायचं नाही. तिथून एमओ, म्हणजे पीएचसीचे डॉक्टर. एमओकडून ग्रामीण रुग्णालय किंवा सिव्हिल, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम सिव्हिलला बसते आणि ठरलेल्या दिवशी तालुक्यालाही येते, तो दिवस कोणता हे तुम्ही एकदा विचारून डायरीत लिहून ठेवा आणि दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायला लावा. मग पंधरा दिवसांनी त्या घरावरून जाताना एकच प्रश्न, गोळ्या चालू आहे का. तुमचं सगळ्यात मोठं काम हेच आहे, आणि त्याचा मोबदला वेगळा धरला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

हे होत नाही असं कोणी म्हणालं तर आपल्याच अमरावती जिल्ह्याचं उदाहरण सांगा. तिथं ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला, गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, वरच्या फळीत समुपदेशक, त्यावर डॉक्टर. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. २०१७ मध्ये हे छापून आलं. पराटीच्या गावांतलंच आहे, परदेशातलं नाही.

प्रश्न: मी पीएचसीला एमओ आहे. सकाळच्या ओपीडीत शंभरावर पेशंट, त्यात डिलिव्हरी, पोस्टमॉर्टेम, मीटिंग, ऑनलाइन एंट्री. प्रत्येकाला दोन मिनिटं मिळत नाहीत आणि वरून सांगतात समुपदेशन करा. प्रामाणिकपणे सांगा, हे शक्य आहे का? स्पेशालिस्टचं काम आमच्यावर ढकलणं नाही का हे?

उत्तर: डॉक्टर, तुम्ही समुपदेशन करूच नका. खरंच सांगते. शंभर पेशंटच्या ओपीडीत एमओनं अर्धा तास एकाला द्यायचा ही अपेक्षा चुकीची आहे आणि अशा अपेक्षेमुळंच गेली कित्येक वर्षं हा कार्यक्रम कागदावर राहिला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आहे, ऐंशीच्याच दशकात कर्नाटकात बेल्लारीला निम्हान्सनं, म्हणजे बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं, पीएचसीच्या डॉक्टरांना शिकवून दाखवलं की हे जमतं, त्यावरून १९९६ ला जिल्हा कार्यक्रम आला, आणि तरी आज तुम्ही मला हा प्रश्न विचारताय म्हणजे शिकवलं पण पुढं कोणी पाठीशी उभं राहिलं नाही. निम्हान्सनंच २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या सर्व्हेत आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर निघाले.

तुमच्या वाट्याला तीनच कामं ठेवा. ओळखणं, गोळी चालू करणं, आणि धोका असलेला पेशंट त्याच दिवशी पुढं पाठवणं. ओळखायला शंभर जणांना विचारायची गरज नाही. जी बाई महिन्यातून तीनदा अशक्तपणा म्हणून येते आणि सलाईन लावा म्हणते, जो बीपीवाला गोळ्या घेऊनही कंट्रोलमध्ये नाही, ज्याला झोपेची गोळी पाहिजे, अंगदुखीच्या तपासण्या सगळ्या नॉर्मल, एवढ्यांनाच विचारा, दिवसाला चार-पाच निघतील. ९ प्रश्नांचा कागद सिस्टर किंवा सीएचओ भरून घेईल. आणि सलाईनच्या बाटलीचा खर्च आणि वेळ धरला ना तर यात तुमचा वेळ वाचतोच, कारण तीच बाई वर्षभर फिरून फिरून तुमच्याच टेबलासमोर येत असते.

बोलायचं काम दुसऱ्या माणसाचं. गोव्यात पीएचसीतच, या क्षेत्राचं कसलंही शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना शिकवलं आणि त्यांनी ६ ते ८ भेटींत, रोजच्या जगण्यात बंद पडलेली छोटी छोटी कामं परत चालू करून द्यायची अशी पद्धत वापरली, त्यानं जास्त डिप्रेशन असलेले लोक सुद्धा सुधारले, लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात २०१७ ला आलंय. आणि स्पेशालिस्टचं काम म्हणाल तर गडचिरोली आठवा. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाचं इंजेक्शन गावातली बाई देईल यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता, बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं ते करून दाखवलं, त्या गावांमधले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला ते प्रसिद्ध झालं आणि आज देशभर आशा घरी जाऊन बाळ बघते ते त्यातूनच आलंय. पण तिथं गावातल्या बाईला एकटं सोडलं नव्हतं, तिला सतत बघणारं, चुका दुरुस्त करणारं कोणी तरी होतं. तुम्हालाही तेच मागायचा हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये लिहिलंय की मनाच्या उपचारांची सोय प्राथमिक पातळीपासून सगळ्या सरकारी दवाखान्यांत असली पाहिजे, आणि सरकारी एमओंना त्याचं बेसिक ट्रेनिंग देणं ही सरकारची जबाबदारी आहे. ट्रेनिंग नाही मिळालं तर लेखी मागा. सिव्हिलच्या मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर घेऊन ठेवा, अडलं की फोन करा, ते पण माणसंच आहेत, उचलतात.

प्रश्न: बाबा रोज पेतात. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, तरी भेटतेच. मोबाइलवर जाहिरात पाहिली, न सांगता भाजीत टाकायची पावडर, दारू सुटते म्हणे. आई मागवू म्हणते. मागवू का?

उत्तर: नको दादा, अजिबात नको. त्या पुडीत काय आहे हे तुला माहीत नाही. त्यात डायसल्फिरॅम हे दारू सोडवायचं औषध असलं आणि बाबा त्यावर दारू प्यायले तर बीपी एकदम खाली जाऊ शकतं, उलट्या, छातीत दुखणं, जीवावर बेतू शकतं. ते औषध पेशंटला सगळं समजावून, त्याच्या मर्जीनंच देतात.

आणि दुसरी चूक पण करू नका, घरात कोंडून एकदम बंद करणं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तोडली की काही तासांत हात थरथरतात, घाम येतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांनी नसलेलं दिसायला लागतं, भिंतीवर किडे आहेत म्हणतात, आपलीच माणसं ओळखत नाहीत. गावात याला बाहेरचं झालं म्हणतात आणि उतारे काढत बसतात. त्यात माणूस दगावतो. म्हणून दारू सोडवायची तर दवाखान्याला सांगून सोडवा, थोड्या दिवसांच्या गोळ्या आणि बी-वनचं, म्हणजे थायमिनचं, इंजेक्शन मिळतं. पीएचसीतल्या डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारायला लाव, याआधी बंद केल्यावर कधी फिट आली होती का. आली असेल तर भरती करूनच.

परत प्यायले तर सगळं वाया गेलं असं समजू नको, या आजारात माणूस घसरतो, परत न्यायचं. आणि आईला विचार, मार खाते का ती. असेल तर ते आधी.

प्रश्न: माझा लहान भाऊ आठ वर्षांपासून एकटाच बोलतो, कोणी त्याला मारणार आहे म्हणतो, दोनदा पळून गेला. सैलानीच्या दर्ग्याला नेलं, दोन अमावस्या राहिलो. आता घरी खांबाला बांधून ठेवतो, आई रडते पण इलाज नाही. पीएचसीत याचा काही उपयोग होईल का? (बुलडाणा जिल्हा)

उत्तर: ताई, तुमच्या आईनं आठ वर्षं सांभाळलं, बांधलं ते दुष्टपणानं नाही, पोरगं रस्त्यावर जाईल या भीतीनं, हे मला समजतं. तरी साखळी आज सोडायची आहे. कायद्यानं कोणत्याही मानसिक रुग्णाला साखळीनं बांधायला सक्त मनाई आहे, आणि त्याहून महत्त्वाचं, तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या जागी २००१ मध्ये आग लागली तेव्हा साखळदंडानं बांधलेले २८ जण जळून गेले, पळता आलं नाही. घराला आग लागली, साप निघाला, तर तो कुठं जाईल?

त्याला बहुतेक स्किझोफ्रेनिया असावा, तपासल्याशिवाय मी नक्की म्हणणार नाही. याला चांगल्या गोळ्या आहेत, रिस्पेरिडोन, ओलांझापिन, आणि गोळी थुंकणाऱ्यासाठी काही आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन पण असतं. सुरुवात सिव्हिलच्या मानसोपचारतज्ज्ञांनी केलेली बरी. तो येतच नसेल तर पीएचसीच्या एमओंना घरी बोलवा किंवा १०८ ची मदत घ्या. सिव्हिलला झालं नाही तर नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जुनं, १८६४ पासूनचं, पण तिथं भरती म्हणजे कायमचं सोडून देणं असं आता नाही, काही आठवड्यांनी घरी येतो.

आणि पीएचसीचा उपयोग खरा तर त्यानंतर आहे. घरी आल्यावर तीन महिन्यांत गोळ्या संपतात, नागपूरला परत कोणी जात नाही, आजार उलटतो, परत खांब. म्हणून डिस्चार्ज कार्ड घेऊन पहिल्याच आठवड्यात पीएचसीत जा, त्या गोळ्या इथंच मिळतील अशी सोय करून मागा, वजन आणि शुगर बघायला सांगा कारण काही गोळ्यांनी ती वाढते. सैलानीला जायचं असेल तर जा, श्रद्धा आहे, मी मना करणारी कोण, पण गोळी चुकवायची नाही, पिशवीत घेऊन जा.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सिव्हिललाच अर्ज करा, दीर्घकाळच्या मानसिक आजारालाही ते मिळतं, ४० टक्के किंवा जास्त निघालं तर संजय गांधी निराधारचा अर्ज करता येईल. आईला तेवढाच आधार.

प्रश्न: मुलीला फिट येतात, १६ वर्षांची आहे. हे मनाचं की मेंदूचं? चप्पल हुंगवली की थांबते असं सगळे म्हणतात.

उत्तर: मेंदूचं, पण औषध याच मानसिक आरोग्य कार्यक्रमात मिळतं. चप्पल, कांदा काही नको, फिट बहुतेक दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते म्हणून वाटतं चप्पलनं थांबली. कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८. विहिरीवर, चुलीजवळ, नाल्यावर एकटी जाऊ देऊ नका. आणि डॉक्टरांना विचारा गोळी कोणती देताय, व्हॅल्प्रोएट असेल तर मुलींसाठी दुसरी चालेल का म्हणून विचारा, पुढं लग्न झाल्यावर पोटातल्या बाळाला त्या गोळीचा धोका असतो. गोळी घेऊन बहुतेकांच्या फिट थांबतात, शाळा बंद करायचं काहीच कारण नाही.

प्रश्न: पीएचसीत आमच्याच गावची सिस्टर आहे. तिला कळलं म्हणजे गावाला कळलं. बहिणीचं लग्न जमतंय. नाव रेकॉर्डवर येते का?

उत्तर: केसपेपरवर लिहिलं जातं, पण ती माहिती बाहेर सांगायला कायद्यानं बंदी आहे, सिस्टरला पण, डॉक्टरला पण. पण तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही, छोट्या गावात कायद्याच्या आधी गोष्ट पोचते. सुरुवातीला १४४१६ वर बोल, किंवा शेजारच्या पीएचसीत जा, कोणत्याही सरकारी दवाखान्यात जाता येतं, आपल्याच हद्दीत गेलं पाहिजे असं काही नाही. आणि हे डॉक्टर लोकांसाठी पण लिहिते, की दारात पाच माणसं उभी असताना "तुमच्या डोक्याच्या गोळ्या संपल्या का" असं ओरडून विचारू नका. एक पडदा लावा. पडद्याला फार पैसे लागत नाहीत.

प्रश्न: तुम्ही म्हणता पीएचसीत जा. गेलो. निदान झालं, चांगलं बोलले, पण गोळ्या स्टॉकमध्ये नाहीत, बाहेरून घ्या म्हणाले. महिन्याला परवडत नाही. मग काय करायचं?

उत्तर: हा या महिन्याचा सगळ्यात खरा प्रश्न आहे आणि हा एकट्याचा नाही, असे आणखीही आले. ओळखलं, समजावलं आणि गोळी नाही, तर पेशंटचा विश्वास आधीपेक्षा जास्त तुटतो. आवश्यक औषधांच्या यादीतली मनाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळणं हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, मेहेरबानी नाही.

आधी चिठ्ठीवर "औषध उपलब्ध नाही" असं लिहून शिक्का मारून मागा, भांडू नका, शांतपणे मागा, फार्मासिस्टचा दोष नसतो बऱ्याच वेळा, त्यानं वर मागणीच टाकलेली नसते कारण मागणारा पेशंटच रजिस्टरवर नसतो. चार पेशंट मिळून एमओंना अर्ज द्या की या गोळ्या दर महिन्याला इतक्या लागतात, म्हणजे मागणीपत्रात आकडा येईल. तातडीसाठी रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून बाहेरून खरेदी करता येते, त्या समितीत लोकप्रतिनिधी असतात, त्यांना भेटा. तोपर्यंत ग्रामीण रुग्णालयात किंवा सिव्हिलला तीच गोळी आहे का फोन करून विचारा आणि जाणारा-येणारा कोणी असेल तर पेशंटचा केसपेपर देऊन त्याच्या हातून मागवा, एका वेळी महिनाभराच्या द्यायला सांगा. जनऔषधी दुकान जवळ असेल तर तिथं या गोळ्या ब्रँडेडपेक्षा खूप स्वस्त पडतात. आणि अर्जाची एक प्रत ग्रामसभेच्या दिवशी सरपंचांना द्या, ठरावात घ्यायला लावा, कोणाचंही नाव न लिहिता, फक्त गोळीचं नाव आणि किती जणांना लागते तो आकडा.